शोपँने पियानोला गायला कसं लावलं

घरात पेटी असेल आणि जवळपास कुठे पियानोला हात लावायला मिळत असेल, तर एक साधी गोष्ट करून बघा. आधी पेटीचा भाता चालू ठेवून पांढरी एक दाबून धरा. भात्यात हवा आहे तोवर सूर भरीव राहतो. भाता जोरात दाबला तर फुगतो, सैल सोडला तर बारीक होतो. मग पियानोवर तीच पट्टी दाबून धरा. सूर उमटतो त्या क्षणीच सगळ्यात मोठा असतो आणि पुढे तो फक्त विरत जातो. बोट कितीही रेटून धरा, मनात कितीही आळवा, एकदा वाजून गेलेल्या सुराचं तुम्हाला काही करता येत नाही.

पोलंडचा पियानोवादक आणि संगीतकार फ्रेडरिक शोपँ समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. त्याच्याबद्दल जिथे तिथे वाचायला मिळतं ते क्षयाबद्दल, प्रेमाबद्दल, देशाच्या आठवणीने झुरण्याबद्दल. हे सगळं त्याच्या आयुष्यात घडलं. तरी रोज वाद्यासमोर बसल्यावर त्याच्यापुढे जो प्रश्न असायचा तो कारागिराचा होता. आघाताने वाजणाऱ्या आणि वाजताक्षणी विरणाऱ्या या वाद्यावर गायचं कसं?

वाद्य आतून कसं चालतं ते आधी पाहू. पियानोची पट्टी दाबली की आत एक छोटा हातोडा उडतो, तारेवर आपटतो आणि लगेच मागे येतो. तो तारेला चिकटून राहिला तर तार गप्पच होईल, म्हणून त्याला मागे यावंच लागतं. हातोडा सुटला की वादकाचा ताबाही सुटला. पट्टी दाबून ठेवल्याने एवढंच होतं की तारेवरची आवाज बंद करणारी गादी वर उचललेली राहते आणि तार आपल्या गतीने थरथरत शांत होते. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे यंत्र बनवलं तेव्हा त्याचं नवल हे होतं की बोटाच्या जोरानुसार सूर हळू किंवा मोठा निघतो. नावही त्यावरूनच पडलं, पियानो-फोर्ते, म्हणजे हळू आणि मोठ्याने. हे वाद्य जे देऊ शकतं ते सगळं त्या पहिल्या स्पर्शातच. पियानोवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी मींड नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधे जागाच नाही. ती पेटीवरही नाही, पण पेटी निदान सूर धरते. मी लहानपणी पेटी शिकले, आणि पुढे पहिल्यांदा पियानोसमोर बसले तेव्हा हातातून काहीतरी निसटतंय असं सारखं वाटत राहिलं होतं.

शोपँचा जन्म १८१० मध्ये वॉर्साजवळच्या झेलाझोवा वोला या खेड्यात झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख २२ फेब्रुवारी आहे, घरचे मात्र १ मार्चला वाढदिवस करत. वडील मूळचे फ्रान्सच्या लोरेन प्रांतातले, तरुणपणी पोलंडला आले आणि तिथलेच झाले. आई पोलिश. मूल काही महिन्यांचं असताना कुटुंब वॉर्सात राहायला गेलं आणि वडील तिथल्या शाळेत फ्रेंच शिकवू लागले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड १७९५ पर्यंत आपसात वाटून घेतला होता. शोपँ कळता झाला तेव्हा वॉर्सावर झारची सत्ता होती.

त्याचा पहिला गुरू वोयचेख झिव्हनी हा मुळात व्हायोलिनवाला. त्याने मुलाला बाख आणि मोत्सार्ट या संगीतकारांची गोडी लावली, आणि पियानोवर हात कसा ठेवायचा याच्या जाचात त्याला फारसं अडकवलं नाही. माझ्या मते हे शोपँचं मोठं भाग्य. सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापून आली. पुढे संगीतशाळेत यूझेफ एल्सनरकडे रचनाशास्त्र शिकला. १८२९ च्या अहवालात एल्सनरने त्याच्या नावापुढे शेरा लिहिला, असाधारण क्षमता, सांगीतिक प्रतिभा. शिष्याने पोलिश भाषेत ऑपेरा लिहावा अशी या गुरूची फार इच्छा होती. शोपँने ऑपेरा कधीच लिहिला नाही, पण ऑपेरागृहात तो जीव लावून बसायचा. त्याचं पहिलं प्रेमही गाणाऱ्या मुलीवर जडलं. कॉन्स्तान्सिया ग्वाद्कोव्स्का त्याच संगीतशाळेत गाणं शिकत होती. तिचा विचार मनात ठेवून आपल्या कॉन्चेर्टोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, संथ भाग लिहिला, असं त्याने जवळच्या मित्राला पत्रात कळवलं. ऑक्टोबर १८३० मध्ये वॉर्सातल्या त्याच्या निरोपाच्या मैफलीत ती गायली.

२ नोव्हेंबर १८३० ला विसाव्या वर्षी तो वॉर्सातून निघाला. २९ नोव्हेंबरला तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला. शोपँ तेव्हा व्हिएन्नात होता. बरोबरचा मित्र लढायला परत गेला, हा मागे राहिला. पुढच्या सप्टेंबरात उठाव चिरडला गेल्याची बातमी त्याला जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये कळली आणि त्याने वहीत वेड्यासारखं, आकांताने लिहून काढलं. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही. १८३१ च्या शरदात पॅरिसला पोचला आणि उरलेलं आयुष्य तिथलाच झाला. त्याच वर्षी जर्मनीत संगीतकार रॉबर्ट शुमानने त्याच्या एका रचनेवर लिहिताना ते प्रसिद्ध वाक्य टाकलं, ‘हॅट काढा, सज्जनहो, हा प्रतिभावंत आहे!’

पॅरिसमध्ये तो शिकवण्यांवर जगला. दिवसाला चार-पाच शिकवण्या, प्रत्येकीचे वीस फ्रँक, म्हणजे तिथल्या मोठ्या घरांनाच परवडणारा शिक्षक. मैफलींवर पोट भरणारे वादक तेव्हा पुष्कळ होते. शोपँने अख्ख्या आयुष्यात जाहीर मैफली केल्या जेमतेम तीसेक. गर्दीसमोर त्याचा जीव घाबरा व्हायचा आणि त्याचा आवाजही मोठ्या सभागृहाचा नव्हता. दिवाणखान्यात, दहा-वीस माणसांत, मेणबत्त्यांच्या उजेडात तो खुलायचा. वाद्यही त्याने तसंच निवडलं. एरार कंपनीच्या पियानोची यंत्रणा प्रगत आणि त्याचा नाद तयार असायचा. शोपँ म्हणायचा, प्रकृती बरी नसली की मी एरार वाजवतो, त्यावर तयार सूर मिळतो. पण अंगात बळ असलं आणि स्वतःचा सूर शोधावासा वाटला की मला प्लेयेलच हवा. प्लेयेलचा पियानो हलका, नाजूक, बोटाची चूकही लगेच ऐकवणारा.

ज्या हार्मोनियमवरून आपली पेटी आली, त्याचं पेटंट आलेक्सांद्र दबँने १८४२ मध्ये घेतलं, तेही पॅरिसमध्येच. शोपँ तेव्हा त्याच शहरात राहत होता. सूर धरून ठेवणारं वाद्य आणि सूर धरता येत नाही म्हणून त्यावर शेकडो उपाय शोधणारा माणूस एकाच गावात नांदत होते.

हात

आता त्या उपायांकडे येऊ. पहिला उपाय हाताच्या ठेवणीचा.

त्या काळच्या पद्धती पाचही बोटं सारखी करण्याच्या मागे होत्या. हात एका पातळीत राहावा म्हणून पट्ट्यांसमोर दांडी बसवायची साधनं विकली जात. पॅरिसचा नामांकित पियानोवादक काल्कब्रेनर अशाच दांडीचा पुरस्कर्ता. त्याने नवख्या शोपँला सांगितलं, माझ्याकडे तीन वर्षं शीक. शोपँने विचार केला आणि नम्रपणे नाही म्हटलं.

त्याचं स्वतःचं म्हणणं अगदी उलट होतं. निसर्गाने बोटं वेगवेगळी केली आहेत, तर ती सारखी करायची कशाला? अंगठा सगळ्यात जड, करंगळी टोकाची, अनामिका दुबळी आणि मधल्या बोटाला बांधलेली. पियानो शिकवण्यावर त्याने एक टिपण लिहायला घेतलं होतं, ते अपुरं राहिलं. त्यात तो लिहितो की जितकी बोटं तितके वेगळे आवाज. दुबळ्या बोटाचा मऊ आवाज हा त्याला दोष वाटत नव्हता, तो त्याला आणखी एक रंग वाटायचा.

म्हणून तो शिष्याचा हात पहिल्या दिवशी कुठे ठेवायचा ते पाहण्यासारखं आहे. पेटीच्या भाषेत सांगते. अंगठा पांढरी तीनवर, मग काळी तीन, काळी चार, काळी पाच, आणि करंगळी पांढरी सातवर. स्वतःचा हात टेबलावर असा ठेवून बघा. मधली तीन लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि दोन आखूड बोटं खालच्या पांढऱ्यांवर, सगळा हात आपोआप गोल आणि सैल. सप्तकाचा सरावही तो पांढरी सातपासून सुरू करायला लावायचा, कारण त्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात. पांढरी एकचं सप्तक, जे जगभर नवख्याला सर्वांत आधी देतात, ते तो शेवटी ठेवायचा. वाचायला ते सोपं, हाताला मात्र सगळ्यात अवघड, कारण सगळं सपाट आणि बोटांना कुठे आधार नाही.

हात सैल झाला की गाणं सुरू. शिष्यांना तो ऑपेरातले गायक ऐकायला पाठवायचा, गाणं शिका म्हणायचा. मनगटाची हालचाल म्हणजे गायकाचा श्वास, हे त्याचं सूत्र. वाक्य संपलं की मनगट उचलायचं, जसा गाणारा श्वास घेतो. चुकीच्या जागी तोडून वाजवणाऱ्याला तो म्हणायचा की तुम्ही न समजणाऱ्या भाषेतलं पाठ केलेलं भाषण म्हणताय. अर्थ न कळता पाठ केलेली बंदिश ज्याने ऐकली आहे त्याला हे लगेच पटेल. रोज तीन तासांपेक्षा जास्त रियाज करू नका असंही तो बजावायचा. आपल्याकडच्या रियाजाच्या कथांवर वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला. पण मन लावल्याशिवाय नुसती बोटं फिरवण्याचा त्याला तिटकारा होता.

रियाजासाठी त्याने स्वतः जे लिहिलं त्याला एत्यूद म्हणतात, म्हणजे अभ्यासाच्या रचना. आपले पलटेच म्हणा, फक्त ऐकताना पलटे वाटत नाहीत. पहिला बारांचा संच १८३३ मध्ये, तो तेवीस वर्षांचा असताना छापला गेला आणि त्याने तो पियानोवादक फ्रान्झ लिस्तला अर्पण केला. त्यातल्या दुसऱ्या एत्यूदमध्ये उजव्या हाताची शेवटची तीन दुबळी बोटं अर्ध्या-अर्ध्या स्वराने धावत राहतात आणि त्याच हाताचा अंगठा व तर्जनी खाली ताल धरतात. वाजवणाऱ्याचा हात दुखतो, ऐकणाऱ्याला वारा गेल्यासारखं वाटतं.

विरणारा सूर भरून काढायचा तो असा

आता एक रचना जवळून ऐकू. ओपस ९, क्रमांक २, नॉक्टर्न. ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक. तुम्ही ती नक्की ऐकली आहे, नाव माहीत नसेल इतकंच. नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं गाणं. हा प्रकार जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने रूढ केला. खाली डाव्या हाताची सावकाश झुलणारी साथ, वर उजव्या हाताचं एकट्याचं गाणं. शोपँने हा साचा उचलला आणि त्यात प्राण घातला.

ही रचना काळी दोनच्या सप्तकात आहे. काळी दोनला सा मानलं तर गाणं मंद्र पंचमावरून सुरू होतं आणि एकदम गंधारावर झेपावतं. तो गंधार लांब आहे. गाणारा असता तर त्याने तो फुलवला असता. पियानोवर तो उतरू लागतो. शोपँ पुढचा सूर असा ठेवतो की आधीचा जितका विरला आहे तितक्याच हलक्या हाताने तो उचलता यावा. वादकाने इथे कान देऊन वाजवलं तर दोन सुरांमधला सांधा कानाला लागत नाही. मींड नसताना मींडेचा भास होतो. चांगले पियानोवादक वर्षानुवर्षं झटतात ते याच एका गोष्टीसाठी.

मग तीच ओळ परत येते. अख्ख्या रचनेत ती चार वेळा येते आणि दर वेळी थोडी अधिक सजून. आधी एखादी मुरकी, मग सुराभोवती घातलेला वेढा, मग अर्ध्या-अर्ध्या स्वरांची उतरती लड. हे अलंकार त्याने इटालियन ऑपेराच्या गायकीतून घेतले. इटालियन ऑपेराकार बेलिनीची गाणी त्याला फार प्रिय. पण पियानोवर त्यांना आणखी एक काम आहे. जिथे लांब सूर विरून पोकळी पडली असती, तिथे हे छोटे सूर ती भरून काढतात. शिष्यांच्या वह्यांत तो स्वतःच्या हाताने वेगवेगळे पर्यायही लिहून द्यायचा. याला, त्याला, वेगळे. आपल्या गुरूने बंदिश सांगताना आज एक जागा आणि उद्या दुसरी दाखवावी, तसंच ते. छापील कागदावर अडून बसणारे पुढे आले. त्याच्या लेखी ती ओळ जिवंत होती.

दुसरा आधार पायाचा. पियानोचा उजवा पेडल दाबला की सगळ्या तारांवरच्या गाद्या एकदम उचलल्या जातात. मग एक सूर वाजवला तरी न वाजवलेल्या तारा त्याच्या सहवेदनेने थरथरू लागतात, सतार-सारंगीच्या तरफांसारख्या. शोपँचा डावा हात आधी खूप खालचा खर्ज वाजवतो, पेडल तो धरून ठेवतो, आणि मग हात वर जाऊन मोकळ्या अंतरावरचे सूर छेडतो. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तारेचं शास्त्र पियानोतही तेच. खर्जाच्या पोटात जे सूर मुळातच असतात, त्यांच्यावरच शोपँ वरचे सूर ठेवतो. आठवा, या नॉक्टर्नचा पहिला मोठा सूर गंधारच होता. खालून खर्जाने त्याला उचलून धरलेलं असतं, म्हणून तो एकट्या हातोड्याच्या ताकदीपेक्षा जास्त टिकल्यासारखा वाटतो. आजच्या पियानोचा गंधार तानपुऱ्यातल्या त्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि आपल्या कानाला ते जाणवतंही. तरी जादू मोडत नाही.

तिसरी गोष्ट लयीची, आणि इथे आपल्याला समजायला सर्वांत सोपं जावं. याला रुबातो म्हणतात, म्हणजे चोरलेली लय. पुष्कळ वादक याचा अर्थ असा घेतात की भावना आली की सगळंच सैल सोडायचं. शोपँचं सांगणं वेगळं होतं. डावा हात वाद्यवृंदाचा नायक, त्याने लय सोडायची नाही. उजव्या हाताने त्यावर मागे-पुढे व्हावं. त्याच्या पियानोवर मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, कायम ठेवलेला असायचा असं त्याच्या शिष्याने लिहून ठेवलं आहे. विलंबित ख्याल आठवा. तबल्याचा ठेका आपल्या जागी स्थिर, गाणारा शब्द मागे ओढतो, रेंगाळतो, मग घाईने चार शब्द घेऊन समेवर येतो. ठेकाच डळमळला तर रेंगाळण्यातली मजा गेली. शोपँच्या पियानोत ठेकाही तोच आणि गायकही तोच. एका मेंदूने दोन हातांना दोन स्वभाव द्यायचे.

तीन मात्रा की चार?

माझुर्का हा पोलंडच्या माझोव्हिया भागातला लोकनृत्याचा प्रकार. शाळकरी वयात शोपँ सुट्टीला शाफार्निया या खेड्यात गेला होता, तिथे त्याने शेतकऱ्यांची गाणी आणि नाच जवळून पाहिले. आयुष्यभर तो माझुर्का लिहीत राहिला, पन्नासहून जास्त. ताल तीन मात्रांचा. वॉल्ट्झमध्ये वजन पहिल्या मात्रेवर पडतं. माझुर्कात ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर सरकतं आणि पाय अडखळल्यासारखा होऊन सावरतो.

शोपँ हे वाजवताना एखादी मात्रा इतकी लांबवायचा की ऐकणारे बुचकळ्यात पडत. चार्ल्स हाले या वादकाने त्याला सांगितलं की तुम्ही तीनऐवजी चार मात्रा वाजवता. शोपँने मानलं नाही. मग हालेने त्याला वाजवायला लावून शेजारी बसून मोठ्याने चार मोजले, आणि ते बरोबर बसले. शोपँ हसला आणि म्हणाला, हा या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. ऑपेराकार मायरबेअरने अशीच तक्रार केली तेव्हा मात्र तो भडकला. हा तीनच मात्रांचा ताल आहे, म्हणून त्याने ओरडून वाजवून दाखवलं. मला हा राग कळतो. हाले शिकायला आल्यासारखा विचारत होता, दुसरा परीक्षकासारखा. आणि ज्या मातीत परत जाता येत नाही तिथली चाल कुणी चुकीची म्हणावी, हे सहन होण्यासारखं नव्हतं. शुमानने लिहिलं होतं की या साध्या माझुर्कांत काय धोका आहे हे उत्तरेच्या सम्राटाला कळलं तर तो हे संगीत बंद करेल. शोपँच्या रचना म्हणजे फुलांत पुरलेल्या तोफा आहेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी व्याप्त पोलंडमध्ये शोपँ वाजवण्यावर खरंच बंदी घातली.

हललेली जमीन

१८३८ च्या हिवाळ्यात शोपँ लेखिका जॉर्ज सँड आणि तिच्या दोन मुलांसोबत स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. उबदार हवेने छाती सुधारेल अशी आशा होती. पावसाने आणि थंडीने ती पार मोडली. तीन डॉक्टर येऊन गेले, आणि एकाने मेलाय म्हटलं, एकाने मरतोय, एकाने मरेल, असं त्याने मित्राला कळवलं. क्षय संसर्गजन्य आहे असं स्पेनमध्ये तेव्हाच मानत असल्याने घरमालकाने त्यांना बाहेर काढलं. वालदेमोसाच्या जुन्या मठातल्या खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड केलं. प्लेयेलचा पियानो कस्टममध्ये अडकला होता आणि निघण्याआधी काहीच आठवडे हाती आला. तोवर साध्या स्थानिक पियानोवर काम चालवलं. या बेटावरच त्याने चोवीस प्रेल्यूडचा, म्हणजे छोट्या रचनांचा, संच पुरा केला. शुद्ध गंधाराच्या बारा मेजर आणि कोमल गंधाराच्या बारा मायनर सप्तकांसाठी एकेक. बरोबर बाखचं पुस्तक होतं, ज्यात हाच चोवीसचा खेळ शंभर वर्षांपूर्वी मांडला होता.

त्यातला चौथा, ई मायनरमधला, पंचवीस मापांचा. माप म्हणजे तालाचं एक आवर्तन. दोन-अडीच मिनिटं. नवशिकाही बोटांनी वाजवू शकेल, आणि पाश्चात्त्य संगीतातली हार्मनी म्हणजे काय हे समजायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

पांढरी तीनला सा धरा. उजवा हात म्हणतो, पंचम, कोमल धैवत, पंचम. पुन्हा पंचम, कोमल धैवत, पंचम. पहिली तीन मापं बस इतकंच. डावा हात तीन सुरांचा कॉर्ड सारखा हलकेच वाजवत राहतो, आणि थोड्या थोड्या वेळाने त्या तिघांतला एखादा सूर अर्ध्या स्वराने खाली घसरतो. कधी हा, कधी तो.

आपल्या संगीतात सा अढळ असतो. तानपुरा तो धरून बसतो आणि प्रत्येक सुराचा अर्थ त्याच्या नात्याने ठरतो. इथे वरचा पंचम जागचा हललेला नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकतेय, म्हणून दर वेळी तोच सूर वेगळा ऐकू येतो. आधी शांत, मग शंकेचा, मग असह्य. माणूस खिडकीशी बसून आहे आणि बाहेरचा उजेड कमी होत चाललाय, तसं काहीसं. हार्मनी म्हणजे हे सरकणं. शेवटाआधी शोपँ सगळं थांबवतो, एक संपूर्ण शांतता लिहितो, आणि मग अगदी हळू तीन कॉर्ड. तो लांब पंचम पियानोवर प्रत्येक वेळी विरत जातो, हे लक्षात घ्या. नॉक्टर्नमध्ये विरणं झाकलं होतं. इथे त्याने ते उघडं ठेवलं आणि त्याचीच रचना केली.

असं साधं दिसणारं लिहायला त्याला किती सोसावं लागे ते जॉर्ज सँडने लिहून ठेवलं आहे. कल्पना सुचायची झटक्यात, फिरता फिरता. मग तो दिवसचे दिवस खोलीत कोंडून घ्यायचा, येरझाऱ्या घालायचा, लेखण्या मोडायचा, एकच माप शंभर वेळा बदलायचा, एका पानावर सहा आठवडे घालवायचा आणि शेवटी पहिल्यांदा लिहिलं होतं तसंच ठेवायचा. नोआँच्या तिच्या घरी उन्हाळ्यांत त्याचं उत्तम काम झालं. १८४७ मध्ये ते दोघे दुरावले.

त्यानंतर त्याने फार थोडं लिहिलं. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसची शेवटची मैफल केली. लगेच क्रांती झाली आणि शिकवण्या बंद पडल्या. जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येच्या आग्रहाने तो इंग्लंड-स्कॉटलंडला गेला. मँचेस्टर, ग्लासगो, एडिंबरा इथे वाजवलं, तेव्हा जिने उचलून चढवावं लागे अशी अवस्था. नोव्हेंबरात लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी तो वाजवायला बसला. लोकांसमोर त्यानंतर कधी बसला नाही.

१७ ऑक्टोबर १८४९ च्या पहाटे पॅरिसमध्ये तो गेला, एकोणचाळीस वर्षांचा. मोठी बहीण लुद्विका वॉर्साहून येऊन शेवटपर्यंत उशाशी होती. देह पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत राहिला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे हृदय काढून लुद्विकाने ते बरणीतून लपवून वॉर्साला नेलं. आज ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी बरणी न उघडता बाहेरून तपासली आणि क्षयाने हृदयाच्या आवरणाला आलेली सूज हे मृत्यूचं संभाव्य कारण सांगितलं.

अंत्यविधी ३० ऑक्टोबरला मादलेन चर्चमध्ये झाला. त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, गायलं गेलं. आणि लफेब्युर-वेली या वादकाने चर्चच्या ऑर्गनवर तो ई मायनरचा प्रेल्यूड वाजवला. ऑर्गन हा आपल्या पेटीचा थोरला भाऊ, हवेवर चालणारा, पट्टी धरली आहे तोवर सूर न सोडणारा. पंचम, कोमल धैवत, पंचम. त्या दिवशी तो पंचम विरला नाही.